फ्रिजशेजारची खुर्ची

१४ जानेवारी

ठमाबाईंस,

तुझी अट लक्षात आहे. पत्रात बाबांचा विषय निघाला की तू तिथेच पत्राची घडी घालणार आणि पुढचं वाचणार नाहीस. फोन तर तू उचलतच नाहीस. म्हणून बाबांचा विषय नाही. माझंच सांगते.

मी क्लास लावलाय. स्पॅनिशचा. हसून झालं असेल तर पुढे वाच.

झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरताना दिसलं तर चढणाऱ्याने खालीच थांबायचं. खुर्च्यांच्या हाताला लिहायची फळी जोडलेली, त्यातली माझी सैल, टेकलं की खाली जाते. वर्गात दोघं नोकरीसाठी आलेत. एक नवं जोडपं सहलीला जायचं म्हणून आलंय, पण त्यांचा निम्मा वेळ एकमेकांकडे बघण्यात जातो. आणि एक दातांचे डॉक्टर आहेत, ते का आलेत ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, स्पॅनिश का शिकायचंय? मी म्हटलं, प्रवासाला जायचंय. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. या वयात, वा!

माझ्यामुळे बाईंच्या नाकी नऊ आलेत. त्या स्पॅनिशमध्ये विचारतात, "तुम्ही कुठे राहता?" मीही स्पॅनिशमध्ये म्हणते, "तुम्ही कुठे राहता?" त्या म्हणतात, "आजी, प्रश्न परत म्हणू नका, उत्तर द्या." काय करू, सगळा जन्म शाळेच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेला. समोर आलं ते जसंच्या तसं उतरवायचं, अर्थाशी आपल्याला काय करायचंय. हेडमास्तरांनी चुकीचं लिहिलं तर चुकीचंच टाइप करायचं. ती पोपटपंची आता जाता जात नाही.

तुझा खोकला गेला का? गरम पाणी पीत जा. घरी बाकी सगळं ठीक आहे.

मला ही भाषा लवकर यायला हवी आहे, फार लवकर. का ते तुझ्या अटीत बसत नाही.

आई


२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. "छंद लागला हे बरं झालं, रिकामी बसू नकोस."

छंद!

आता मी अट मोडणार आहे. घडी घालायची असेल तर इथे घाल.

नाही घातलीस ना? मग ऐक. बाबांना मेंदूचा झटका आला. थंडी पडायच्या आधीच. तुला कळवलं नाही, कारण तूच कळवू नको म्हणाली होतीस, आणि मलाही तेव्हा राग होता, की बघू या ही किती दिवस तोंड फिरवते. उजवा हात आता बरा आहे. चालतात, जेवतात, स्वतःची दाढी करतात. पण बोलणं गेलं होतं. ते बऱ्याच दिवसांनी परत आलं, तेव्हा स्पॅनिश होऊन आलं.

डॉक्टर म्हणाले, दोन भाषा बोलणाऱ्या माणसांत असं होतं कधीकधी. एक परत येते, दुसरी येत नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मराठी ही त्यांची आईची भाषा आहे. ते म्हणाले, कुठली परत येईल ते आपल्या हातात नसतं. तुला माहीत आहेच, बाबांची सगळी नोकरी बोटीच्या इंजिनरूममध्ये, आणि हाताखालची माणसं कायम स्पॅनिश बोलणारी. सुट्टीवर घरी आले की पहिले काही दिवस मराठी शोधत बोलायचे. तू त्यांची नक्कल करायचीस आणि ते हसून लोळायचे.

लग्न झाल्यापासून मी वाट बघितली, की हा माणूस एकदाचा घरी येईल आणि मग आम्ही बोलत बसू. आले घरी. आणि मी "अहो" म्हटलं तर भिंतीपलीकडे कोणाचा तरी रेडिओ लागलाय असं बघतात. मराठी त्यांच्या कानावरून जाते. माझा जीव तुटतो गं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडते, म्हणजे कामाच्या मावशींना ऐकू जात नाही.

म्हणून क्लास. पण तिथे शिकवलेलं इथे चालत नाही. मी मोठ्या तयारीने त्यांना विचारलं, तुम्हाला हिरवा रंग आवडतो का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू झटका मलाच आलाय.

खरी भीती पुढे आहे. ते आडवे होत नाहीत. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खुर्ची ओढून बसतात. फ्रिजच्या कुशीवर हात ठेवतात, गरम लागतंय का बघतात, कान लावतात, मान हलवतात. बसल्या बसल्या डुलकी लागते तेवढीच झोप. गादीवर नेलं की परत उठून खुर्चीत. पाय सुजून भोपळे झालेत. झोपेचं औषध दिलं तर भेलकांडत का होईना, खुर्चीतच येतात. मध्येच एखादं वाक्य म्हणतात आणि माझ्याकडे बघत थांबतात. मला काही कळत नाही. मग तेच वाक्य मोठ्याने म्हणतात, मग ओरडून, मग ताट भिरकावतात.

तुझा काका रोज येतो. म्हणतो, "वहिनी, हे असं चाललं तर दादाच्या आधी तुम्ही जाल." त्याने एक संस्था बघून ठेवली आहे. तिथे अशा माणसांना पट्ट्याने पलंगाला बांधून झोपवतात. काका बांधून म्हणाला नाही, "सुरक्षित ठेवतात" म्हणाला. महिनाअखेरपर्यंत आडवे झाले नाहीत तर एक तारखेला गाडी येणार आहे.

तू ये. एवढंच.

आई


११ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिणार. नसेल वाचायचं तर नको वाचूस, पण पत्र फाडू नकोस.

परवा भर दुपारी वीज गेली. फ्रिज थांबला. तुझे बाबा ताडकन उठले. चेहरा असा झाला, जणू घराला भोक पडून पाणी आत येतंय. मोठ्याने काहीतरी हुकूम दिला. मी आणि मावशी खांबासारख्या उभ्या. परत हुकूम. मग त्यांनी फ्रिज भिंतीपासून ओढला, मागची वायर उपटायला लागले. मावशी आडव्या गेल्या तर त्यांना ढकलून दिलं. मावशी ओट्यावर आपटल्या, भुवईच्या वर रक्त आलं. डोकं बंद झालं आणि मी तेच केलं जे वर्गात डोकं बंद झाल्यावर करते. त्यांनी जे म्हटलं ते जसंच्या तसं परत म्हटलं.

ते थांबले.

मला वाटलं, योगायोग. त्यांनी दुसरं काहीतरी म्हटलं, मी तेही परत म्हटलं. त्यांनी मान हलवली, वायर सोडली आणि खुर्चीत जाऊन बसले. कपाळाचा घाम पुसला आणि मला म्हणाले, "ब्येन." म्हणजे छान. हा शब्द मला वर्गात एकदाही मिळालेला नाही.

मग मला आठवलं, आणि तुलाही आठवेल. तू लहान असताना ते म्हणायचे, "दार लाव." तू नुसतं दार लावलंस तर चालायचं नाही. "दार लावते" असं म्हणून मग लावायचं. तू चिडायचीस. ते सांगायचे, इंजिनच्या आवाजात हुकूम ऐकू गेला की नाही कसं कळणार? समोरच्याने तो परत म्हटला तरच तो पोहोचला. नाहीतर वरच्याने पुन्हा सांगायचा, आणखी मोठ्याने. आणि तरी खालून उत्तर नाही आलं तर समजायचं, खाली काहीतरी भयंकर झालंय.

बिचारे रोज सांगत होते आणि मी गप्प उभी राहत होते.

मावशींना दोन टाके पडले. त्या तरी परत आल्या, देव त्यांचं भलं करो. आता मी दिवसभर पोपट झाले आहे. ते म्हणतात, मी म्हणते. ताटं उडत नाहीत. त्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं, "नो आ येगादो मी रेलेवो." मी ते इतक्या झोकात परत म्हणते की बाईंनी ऐकलं तर शाबासकी देतील. आमचं बरं चाललंय, असं मला वाटायला लागलंय. आडवे मात्र अजून होत नाहीत.

आई


१९ फेब्रुवारी

ठमे,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

आज क्लासमध्ये मी ऐटीत ते वाक्य म्हणून दाखवलं. बाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "घरी. अर्थ काय हो?" त्या म्हणाल्या, "माझी जागा घेणारा माणूस अजून आलेला नाही."

म्हणजे, माझा रिलीव्हर आलेला नाही.

माझी फळी खाली गेली, वही पडली. दातांच्या डॉक्टरांनी उचलून दिली. मी तशीच जिना उतरले.

हे वाक्य तू ओळखतेस. तुझं बाळ गेलं, तू हॉस्पिटलातून त्यांना बोटीवर फोन लावलास, "बाबा, या" म्हणालीस, आणि ते एवढंच म्हणाले, माझा रिलीव्हर आलेला नाही. तू फोन ठेवलास तो आजतागायत. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला असता. त्यानंतर ते आले तेव्हा मी त्यांना जेवायला वाढलं, पण महिनाभर शब्द बोलले नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि आता बघ माझा शहाणपणा. हा माणूस फ्रिजशेजारी बसून सारखा विचारतोय, सांगतोय, की माझा रिलीव्हर आलेला नाही. आणि मी समोर उभी राहून ठणठणीत आवाजात त्याला कळवतेय, आलेला नाही, आलेला नाही. मीच त्यांना त्या खुर्चीत बसवून ठेवलंय! कसा आडवा होईल तो माणूस?

एक तारीख जवळ आली आहे. काकाने कपड्यांची बॅग भरायला सांगितली आहे. मी भरते आणि काढून ठेवते.

आई


२४ फेब्रुवारी

ठमे,

क्लासच्या बाई स्वतःहून घरी आल्या. त्या दिवशी मी अशी का गेले म्हणून. त्यांना सगळं सांगितलं. प्रवासाला जायचंय हे खोटं होतं, तेही. त्या बाबांच्या शेजारी स्टुलावर बसल्या, त्यांचं बोलणं ऐकलं. निम्म्या शिव्या आहेत म्हणाल्या, आणि उरलेल्या अर्ध्यातली यंत्रांची नावं त्यांनाही येत नाहीत.

बाबांच्या फोनमध्ये त्यांच्या ऑइलमनचा, इंजिनांना तेलपाणी करणाऱ्या हाताखालच्या माणसाचा, नंबर सापडला. तोच, ज्याने तुला लोकरीची टोपी पाठवली होती आणि ती तुझ्या डोक्यात कधी शिरलीच नाही. तोही म्हातारा होऊन घरी बसलाय. बाईंनी फोन लावला, मधे बसून भाषांतर केलं. बाबांच्या कानाला फोन लावल्यावर ते इतके हसले, ठमे, मी कितीतरी दिवसांनी त्यांचे दात बघितले. मी म्हटलं, भाऊ, तुम्हीच सांगा ना त्यांना, की मी वॉच घेतो, तुम्ही झोपा. वॉच म्हणजे त्यांची पाळी. तो म्हणाला, वहिनी, फोनवरून वॉच घेता येत नाही. माणूस समोर उभा लागतो. त्याने आधी सगळ्या मशिनरीवरून स्वतः फिरायचं, हात लावून बघायचं, मग येऊन म्हणायचं, "रेसीबो ला ग्वार्दिया." मी वॉच घेतो. त्याशिवाय चीफ इंजिनिअर जागा सोडत नाही.

मी विचारलं, घरी मूल गेलं तरी नाही? बाईंना हे भाषांतर करायला वेळ लागला. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्या वेळी वाऱ्यामुळे आम्ही बंदरात शिरू शकत नव्हतो, रिलीव्हर किनाऱ्यावर बसून होता. चीफ जेवायला वर आलेच नाहीत. खालीच बसले होते. मी ताट नेलं तर म्हणाले, ठेव.

ही बाबांची वकिली वाटेल तुला. आहेच. आणि माझा राग गेलेला नाही हेही खरं आहे. बोटीवरून उतरल्यावर तरी तुझ्याकडे जायचं होतं त्यांनी. ते गेले नाहीत, घाबरले. पण म्हणून त्यांना पट्ट्याने बांधलेलं मला बघवणार नाही.

मी लगेच समोर उभी राहून म्हटलं, रेसीबो ला ग्वार्दिया. त्यांनी माझा हात थोपटला आणि "सेन्योरा, नो" म्हणाले. म्हणजे बाईसाहेब, नाही; बाईमाणसाची समजूत काढावी तसं. ओट्यावर बसलेल्या मावशी म्हणाल्या, "तुम्हाला इंजिनातलं काय कळतंय असं म्हणत असणार." कळत नाहीच.

तुला कळतं. सुट्टीत त्यांनी तुला मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप सगळं खोलून जोडायला शिकवलं होतं. ते तुला कौतुकाने "थर्ड" म्हणायचे, थर्ड इंजिनिअर. ते तुझ्याकडून वॉच घेतील याची मला खात्री आहे. ये गं. बॅग न भरता ये. एक तारखेच्या आत ये. मी तुझ्या पाया पडते, आईने पडू नये तरी पडते.

आई


३ मार्च

ठमे,

तू आली नाहीस.

एक तारखेला सकाळी काका गाडी आणि दोन माणसं घेऊन येणार होता. मी लवकर आंघोळ केली. बाबांचा जुना बॉयलर सूट, इंजिनरूममधला तो अंगभर पोशाख, पेटीतून काढला आणि साडीवरून चढवला. मावशी म्हणाल्या, "आता तुम्हालाही गाडीत घालतील." मी घरभर फिरले. त्यांच्या देखत, सावकाश. नळ उघडून बघितला आणि मोठ्याने म्हटलं, "आग्वा." पाणी. गीझरला हात लावला, "कालिएन्ते." गरम. गॅसचं बटण, पंपाचं बटण, पंखा, मिक्सर, दिव्यांचा फ्यूज, काही सोडलं नाही. जिथे शब्द येत नव्हता तिथे नुसता हात लावून थांबले. ते खुर्चीतून मान वळवून वळवून बघत होते. शेवटी फ्रिजच्या कुशीवर हात ठेवला, कान लावला, बराच वेळ. आणि मग त्यांच्यासमोर येऊन म्हटलं, "रेसीबो ला ग्वार्दिया."

आता "सेन्योरा, नो" म्हणाले असते तर मी तिथेच कोसळले असते.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बॉयलर सूटचं वरचं बटण उघडं राहिलं होतं, ते हात लांब करून लावलं. मग म्हणाले, "सिन नोवेदाद." सगळं व्यवस्थित आहे, सांगण्यासारखं काही नाही. मी ते परत म्हटलं. ते उठले, आत गेले, चपला पलंगाखाली सरळ लावून ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

काका आला तेव्हा ते घोरत होते. काका पलंगाशी उभा राहिला, रुमालात नाक शिंकरलं आणि गाडी परत पाठवली. मला म्हणाला, "वहिनी, हा काय अवतार?" मी म्हटलं, "हळू बोला, मी कामावर आहे."

तुला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. ते उठले, स्वयंपाकघरात आले, मला खुर्चीत बघून खूश झाले. मी चहा टाकायला उठले. मागे वळून बघते तर ते खुर्चीत बसलेले, हात फ्रिजवर, चेहरा परत तसाच. खुर्ची रिकामी दिसली की ते बसणार. परत सगळं घर फिरून, सगळीकडे हात लावून मी वॉच घेतला तेव्हा कुठे उठले. मावशींनी करून बघितलं, त्यांना ते नुसते हसतात. काकाला ते ओळखत नाहीत.

म्हणून आता खुर्चीत मी बसते. ते झोपतात, उठून फिरतात, पायांची सूज उतरली आहे. येता जाता माझ्याकडे बघून "ब्येन" म्हणतात. मी इथेच जेवते. मावशी असतात तेव्हा बसल्या बसल्या डोळे मिटते. क्लास बंद झाला, बाई येऊन जातात. हे पत्र मांडीवर पोळपाट घेऊन लिहिते आहे. आता माझे पाय सुजायला लागलेत. किती दिवस जमेल मला माहीत नाही, आणि मी पडले की ते परत खुर्चीत, आणि काका परत गाडी आणणार.

तुझी अट मोडायला नको. त्यांच्याशी एक शब्द बोलू नकोस. ते झोपलेले असतील अशा वेळी ये, दार नुसतं लोटलेलं असतं. आधी घरभर फिर. नळ बघ, गीझर बघ, गॅसचं बटण बघ, फ्रिजला हात लाव. मग माझ्यासमोर उभी राहा आणि वर लिहिलंय ते "रेसीबो ला ग्वार्दिया" म्हण. उच्चार कसाही असू दे. मी ते परत म्हणेन आणि उठेन. तोवर मला उठता येत नाही.

ठमे, माझा रिलीव्हर आलेला नाही.

आई